धाकटीच्या नावावर

तपासून झाल्यावर पडद्याआड मी नाडीची गाठ मारत होते, तेव्हा ते कानावर पडलं. पडदा आमच्याच, हॉस्पिटलच्या शिवणखात्यातला. वरच्या दुमडीला दुहेरी टीप, ती मी स्वतः मारलेली, आणि चार वर्षांत एक टाका हललेला नव्हता. पडद्यातून नजर जात नाही, पण आवाज जातो, हे शिवताना कोण बघतं? पलीकडे डॉक्टरबाईंपुढे दुसरी बाई येऊन बसली होती. आवाज घोगरा, वयस्कर. पाळी बंद होऊन पाच वर्षं झाली, आणि आता परत थोडं थोडं दिसायला लागलंय, असं सांगत होती. मग स्वतःच लाजून हसली. "म्हटलं, म्हातारपणी परत तरुण झाले की काय!" डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काही नाही हं. एकदा पाळी बंद होऊन वर्ष उलटलं, की नंतर आलेला एक थेंबही साधा समजायचा नसतो. बहुतेक वेळा वाईट काही निघत नाही, पण बघितल्याशिवाय सोडायचं नाही. तुमच्या सोनोग्राफीत आतलं अस्तर पाच मिलिमीटरच्या वर निघालं, तर मी गोळ्या देणार नाही. तुकडा काढून तपासायला पाठवणार."

माझी गाठ बोटातच राहिली. पाच मिनिटांपूर्वी त्याच खुर्चीत मी बसले होते, आणि त्याच डॉक्टरबाई तेच पेन माझ्या कागदावर टकटक वाजवून म्हणाल्या होत्या, "अस्तर बारा मिलिमीटर. चालतं हो या वयात. पाळी जायच्या बेताला आली की अशी धरसोड करते. आणखी तीन महिने गोळ्या घ्या, नाहीच थांबलं तर पुढचं बघू." मी बरं म्हटलं होतं. बारा म्हणजे अर्धा इंचही नाही. चादरीच्या काठाला मी त्याच्या दुप्पट दुमडते. पण तिच्या अस्तराला पाच जास्त आणि माझ्या अस्तराला बारा चालतात, ते कशामुळे? या वयात म्हणून. आणि या वयात म्हणजे कुठल्या? हॉस्पिटलच्या कर्मचारी-कार्डावर लिहिलंय त्या. कार्डावर अठ्ठेचाळीस आहे. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

बाहेर बाकावर सून माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ही माझी थोरली सून, औषधांच्या दुकानात बसते, त्यामुळे प्रत्येक गोळीच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तिला चैन पडत नाही. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं. "चालतं म्हणाल्या." "काय चालतं?" "सगळंच चालतं. तूही चल आता." ती उठली नाही. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "आई, कार्डाच्या हिशोबानं तुम्ही अठ्ठेचाळीस. तुमचा मुलगा सदतीस. म्हणजे तुम्ही अकराव्या वर्षी बाळंत झालात. या दवाखान्यात कुणाला वजाबाकी येत नाही म्हणून बरं." मी म्हटलं, "तोंड आवर." पण मला हसू आलं, आणि हसताना पोटात खाली काहीतरी ओलं सरकलं तसं हसू जिथल्या तिथं विरून गेलं. आठ महिने हेच चाललंय. हसले की, शिंकले की, जिना चढले की आधी जीव खाली जातो. आपल्याच अंगावर पहारा ठेवायचा. कुठं बसायचं ते आधी बघायचं, उठल्यावर मागं वळून बघायचं, गडद रंग घालायचे. मी, जिच्या खात्यात अठरा मशीन चालतात आणि जिला सगळं हॉस्पिटल नुसतं 'बाई' म्हणून ओळखतं, ती मी चोरासारखी खुर्च्या तपासत फिरते.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. आठ वर्षं कोरडी होते. पन्नासाव्या वर्षी पाळी गेली, तेव्हा खरं तर सुटले म्हणून दोन दिवस गाणी गुणगुणत होते. पण खात्यात मला तसं दाखवता आलं नाही. कागदावर मी तेव्हा चाळीसची. चाळीसची बाई एवढ्यात सुटत नाही. मग खात्यात बायका आपापली दुखणी सांगायला लागल्या की मीही कंबर धरून म्हणायची, माझाही आज दुसरा दिवस आहे. महिना मोजून म्हणायची. खोटं सांभाळायचं तर त्याला वहीसारखं नीट ठेवावं लागतं. आणि मग आठ वर्षांनी खरंच दिसलं, तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं खोटं बोलले ते माझ्या अंगानं ऐकलं. चार महिने मी तसंच रेटलं. थंड पाणी, मीठ, साबण. रक्ताला गरम पाणी कधी लावू नये, डाग पक्का होतो, हे मी धुलाईखात्यातल्या पोरींना बावीस वर्षं ओरडून सांगतेय. माझे डाग मी कुणाला दिसू दिले नाहीत. शेवटी सुनेनंच दोरीवर वाळत घातलेले कपडे मोजले, आणि एक दिवस न बोलता कार्ड काढून घेऊन मला डॉक्टरबाईंपुढे नेऊन बसवलं.

ज्या कागदावरून ते कार्ड झालं, तो शाळेचा दाखला धाकटीचा. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण, दहा वर्षांनी लहान. नवरा गेला तेव्हा मी छत्तीसची होते, पदरात दोन पोरं, आणि हॉस्पिटलच्या शिवणखात्यात जागा निघाली होती. पस्तीसच्या आतली पाहिजे आणि सातवी पास पाहिजे. मी तिसरीतून शाळा सोडलेली, आणि पस्तीस नुकतं उलटलेलं. पण मशीनवर माझा हात असा की कापड आपण होऊन सुईखाली यावं. धाकटी सव्वीसची, सातवी पास, तिला साधं बटण लावता येत नव्हतं. मी तिच्याकडं कागद मागितला असं आमच्या घरात सांगतात. मी मागितला नव्हता. तिच्या पेटीतून घेतला आणि दारात उभी राहून सांगितलं, "तुझा दाखला नेतेय." ती चहा गाळत होती. गाळणी तशीच धरून म्हणाली, "आणि मला कधी लागला तर?" मी म्हटलं, "तेव्हा बघू." पुढच्याच वर्षी त्याच हॉस्पिटलात वॉर्डात मदतनीस घेत होते. धाकटीला जायचं होतं. कशी जाणार? तिचं नाव, तिची जन्मतारीख, तिच्या शाळेचा शिक्का, सगळं आधीच हजेरीपटावर बसलेलं, आणि त्या नावानं रोज सकाळी मी 'हजर' म्हणत होते. ती काही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कधी कळलेलं नाही. मला तोंडाला तोंड देणारी माणसं बरी वाटतात.

त्या दिवशी डॉक्टरबाईंकडून खात्यात परतले आणि दिवसभर माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. गाऊनची कापणी चालू होती. कापडाची थप्पी लावून वर नमुना आखायचा, मग एकदम पन्नास गाऊन कापायचे. आखताना हात चुकला तर पन्नास चुकतात, म्हणून आखणी मी कुणाला देत नाही. त्या दिवशी खडू हातात धरून मी टेबलापाशी उभी होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, पाच आणि बारा, पाच आणि बारा. कार्डावरच्या बाईला बारा चालतात. मग ते अस्तर तिचंच का नाही? तिचं माप घेऊन तिची गोळी दिली तर गुण तिलाच येणार. मी आपली मधल्यामध्ये उभी राहून तिच्यासाठी गिळतेय. एकदा वाटलं, थांबेल आपण होऊन, आणखी तीन महिने तर आहेत. लगेच वाटलं, तीन महिन्यांत बाराचं काय होईल. बाराचे पंधरा, पंधराचे वीस. आतल्या आत घडीवर घडी बसत जाईल आणि वरून कापड तसंच सपाट दिसेल. मग वाटलं, सांगितलं तर? ऑफिसात कळलं तर बावीस वर्षं एका दिवसात उसवतील. हसतील लोक. ज्या बाईनं एवढी वर्षं प्रत्येकीच्या टाक्यात खोट काढली, तिची शिवणच मुळात उलटी! मला मरणाचं भय वाटत होतं असं नाही म्हणत मी. मला त्या हसण्याचं भय जास्त वाटत होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण तसंच होतं.

तेवढ्यात चष्मेवाली माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली. ही आमच्या खात्यातली काज करणारी, नजर अधू पण नको तिथं तीक्ष्ण. "बाई, तुमच्या खुर्चीच्या गादीवर लाल लागलंय." मी वळून बघितलंसुद्धा नाही. "बोट कापलं मघाशी." तिनं माझी दहाही बोटं बघून घेतली. मग म्हणाली, "बोटावर बसला होता का तुम्ही?" मशीनवरच्या दोघी फिसकन हसल्या. मी असं बघितलं की मशीन परत चालू झाली. पण चष्मेवाली हलली नाही. तिनं स्वतःच्या टेबलावरचा निळा तुकडा आणला, माझ्या खुर्चीवर पसरला, चारी बाजूंनी गादीखाली खोचला आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या आईचं असंच होतं. आम्ही तिला म्हटलं, उष्णता झाली असेल." "मग?" "मग काय. उष्णता नव्हती." आणि ती जाऊन काज करायला लागली. मी त्या निळ्या तुकड्यावर बसले. दिवसभर त्याच्या खोचलेल्या कडा मांडीला टोचत होत्या. मला कुणी काही खोचून, झाकून द्यावं, हे माझ्या आयुष्यात बसत नाही. मी खोचणारी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गळ्यात टेप तसाच ठेवून मी वरच्या मजल्यावर गेले. सुनेला सांगितलं नव्हतं. कोण साक्षीदार घेऊन जातं असल्या कामाला? डॉक्टरबाई डबा उघडून बसल्या होत्या. पस्तिशीच्या आतबाहेर असतील, माझ्या मुलापेक्षा लहानच. "बाई, आज कशा काय? त्रास वाढला?" मी म्हटलं, "त्रास तेवढाच आहे. खोटं बोललेय, ते सांगायला आले." "गोळ्या घेतल्या नाहीत?" "गोळ्या घेतल्या. वय खोटं आहे." त्यांनी घास खाली ठेवला. "किती?" "अठ्ठावन्न." "आणि पाळी?" "पन्नासला गेली. मध्ये आठ वर्षं काही नाही." डॉक्टरबाईंनी हात पुसले. डब्याला झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, त्यांनी ते दाबून दाबून बसवलं. मग एकदम आवाज चढला. "पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी, शेवटची पाळी कधी आली. काय म्हणालात?" "येते अधूनमधून, म्हटलं." "का?" मी म्हटलं, "कार्डावरची बाई तेच म्हणाली असती." "चार महिने! चार महिने मी तुम्हाला नसलेल्या पाळीच्या गोळ्या देत बसले! तुमच्या जागी माझी आई असती तर मी..." त्या थांबल्या. मला कुणी आवाज चढवलेला चालत नाही, माझ्या नवऱ्याचाही चालला नव्हता. पण मी ऐकून घेतलं. गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरला होता. खाली बघितलं तर माझी बोटं त्याच्यावर बारा मिलिमीटर शोधत होती.

"ऑफिसला सांगणार?" मी विचारलं. "मी डॉक्टर आहे, पोलीस नाही. कार्ड त्यांनी केलंय, त्याला मी हात लावत नाही. पण तुकडा काढला की चिठ्ठीवर खरं वय लिहिणार. भिंगाखाली बघणाऱ्याला ते लागतं. तेच जर त्यानं अठ्ठेचाळीस समजून बघितलं तर परत चालतंय म्हणेल." मी म्हटलं, "लिहा." "आणि नाव?" मी बोलले नाही. वय सांगताना जीव एवढा कासावीस झाला होता की नावापर्यंत पोचलेच नाही. त्यांना वाटलं, नाव खरंच असणार. त्यांनी कार्डावरून उतरवलं. धाकटीचं नाव, माझं वय. असं माणूस जगात कुठं नव्हतं, आणि त्याच्या पोटातला तुकडा दुपारीच काढायचा ठरला.

काढताना एक बारीक नळी आत घालतात. दुखेल, एक मिनिट धीर धरा, म्हणाल्या. छताला दोन ट्यूबलाइट होत्या, एक लुकलुकत होती. मी मनात टीप मारायला लागले, चादरीचा लांब काठ, सरळ, न थांबता. मध्येच आतून कुणीतरी चिमटीत धरून ओढलं, दोऱ्याचं टोक ओढतात तसं, आणि सगळं कापड गोळा होत माझ्या बेंबीपाशी आलं. ओरडले नाही. दोन बाळंतपणांत ओरडले नव्हते. पण डोळ्यांतून पाणी कानात गेलं आणि त्यानं मला धाकटीची आठवण झाली. लहानपणी ती माझ्या शेजारी निजायची आणि कान दुखतो म्हणून रडायची, आणि रडून रडून पाणी दुसऱ्या कानात जायचं. मी तिला कूस बदलायला लावायची. एवढी आठवण कशाला आली त्या वेळी, कुणास ठाऊक. छोट्या बाटलीत पाण्यासारख्या औषधात लालसर धागे तरंगत होते. नर्सनं चिकटपट्टी लावली आणि मोठ्यानं वाचत नाव लिहिलं. मी म्हणणार होते, अहो, ते माझं नाही. ती बाटली घेऊन निघूनही गेली.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. पहिले दोन दिवस मी खात्यात सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. एकीची टीप उसवायला लावली ती चांगली होती, मलाही दिसत होतं. घरी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत," आणि भांडी घासता घासता पाठमोरी बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी धाकटीकडे गेले. चालत गेले, मग अर्ध्यातून परतले, परत वळले. तिचं घर दोन खोल्यांचं, रस्त्याच्या अंगाला खिडकी, त्या खिडकीत बसून ती व्यापाऱ्याच्या शर्टांना बटणं लावते. साधं बटण येत नव्हतं तिला. शिकली, पण माझ्याकडून नाही. ती मला बघून उठली नाही. "ये ताई. खुर्चीवरचे शर्ट बाजूला कर. चुरगाळू नको." मी उभीच राहिले. बसायची भीती वाटत होती, आणि तिचे शर्ट पांढरे होते.

"एक सांगायला आले," मी म्हटलं. "पोटातला तुकडा तपासायला दिलाय. वाईट निघेल कदाचित. रिपोर्ट तुझ्या नावावर येणार. म्हटलं, कुणाकडून कानावर आलं तर घाबरशील." धाकटीनं दोरा दातानं तोडला. बटण ओढून बघितलं. मग म्हणाली, "बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी येतंय." मला राग यायला हवा होता. ती म्हणाली, "नोकरी माझ्या नावावर तू केलीस. बढती झाली, हार घातले, तो फोटो तू मला दाखवायला आणलास, आठवतं? खाली माझं नाव छापलेलं. मी म्हटलं, छान आलाय. आणि आता आजारसुद्धा स्वतःच्या नावावर घेता येईना तुला?" "मी काय मुद्दाम..." "नाही, तू मुद्दाम काही करत नाहीस. तू फक्त घेऊन निघतेस." खिडकीबाहेर सायकलची घंटी वाजली. आम्ही दोघी तिकडं बघत राहिलो, जणू तो सायकलवाला आमच्यातलं उत्तर घेऊन येणार होता. मी म्हटलं, "धाकटे, मला भीती वाटतेय." हे मी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. आईलासुद्धा नाही. धाकटीनं मांडीवरचे शर्ट उचलले, खाटेवर ठेवले, स्वतः उठली आणि स्वतःच्या खुर्चीवर एक जुनी चादर चौघडी करून घातली. "बस. लागलं तर लागलं. चादरच आहे." ती चादर आमच्याच खात्यातली होती. काठावर माझी टीप. कधीतरी दिली होती मी तिला, फाटकी म्हणून.

आठव्या दिवशी ती न बोलावता हॉस्पिटलच्या दारात उभी होती. सून म्हणाली, "मावशी, तुम्ही?" धाकटी म्हणाली, "माझा रिपोर्ट आहे, मी नको यायला?" सून हसली, मग मी हसेन की नाही ते बघायला लागली. बाकावर आम्ही तिघी बसलो. समोरच्या बाकावर चष्मेवाली, डोळे तपासायला आलेली, असं म्हणाली. डोळ्यांचा विभाग खालच्या मजल्यावर आहे. दार उघडझाप होत होतं. मला वाटत होतं, दाराच्या आत कुठंतरी एका कागदावर ते आधीच लिहून ठेवलंय, शाई वाळलीय, आणि इथं मी अजून नखं खातेय. बरं निघालं तर मी काय करणार? परत खात्यात जाऊन खडू उचलणार. आणि वाईट निघालं तरी मरणार कोण? हजेरीपटावर धाकटी मरेल. माझ्या मागं माझं नाव कुणी पुसणारसुद्धा नाही, कारण ते कुठं लिहिलेलंच नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी नाव घेतलं. ते घेताना मी माझं कुठं ठेवलं ते आठवेना.

नर्सनं दार उघडलं, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि सबंध व्हरांड्याला ऐकू जाईल असं नाव पुकारलं. मग वय. "अठ्ठावन्न."

आम्ही दोघी एकदम उठलो.

मी सवयीनं, आणि धाकटी, तिचं नाव होतं म्हणून. चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. नर्स म्हणाली, "एकाच पेशंटनं या. कोण आहे यातलं?" धाकटी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "नाव हिचं. वय माझं. आम्ही दोघी येतो." आणि नर्सला पुढं काही सुचायच्या आत आम्ही आत होतो.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट आधीच उघडला होता. त्यांनी इकडचं तिकडचं केलं नाही, ते मला बरं वाटलं. "अस्तरातल्या पेशी बदलायला लागल्यात. हा कॅन्सर नाही, अजून नाही. पण त्याच्या दारातच आहे, आणि ठेवला तर आत जाईल. गर्भाशय काढायचं. काढल्यावर ते सगळं परत तपासू. पण मला वाटतं, वेळेवर आलात." मग थांबून म्हणाल्या, "आणखी तीन महिने गोळ्या घेतल्या असत्या तर मी हे म्हणू शकले नसते." एवढे दिवस ज्याला चेहरा नव्हता त्याला चेहरा आला. नाव कळलं की निम्मी भीती बसते. धाकटीनं मागून माझ्या खुर्चीची पाठ धरली होती. माझ्या खांद्याला तिची बोटं लागत नव्हती, पण खुर्ची हलत होती.

मी म्हटलं, "डॉक्टरबाई, नावही खोटं आहे. हे हिचं." त्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग हातांनी तोंड झाकून घेतलं. हसत होत्या की काय करत होत्या, कळलं नाही. "बाई, आणखी किती आहे तुमच्याकडं खोटं?" "संपलं." "हे बघा," त्या म्हणाल्या, "भूल द्यायच्या आधी टेबलावर नाव विचारतात. तिथं दुसऱ्याचं नाव सांगितलेलं मी चालवून घेणार नाही. स्वतःच्या नावानं नवीन कागद करा. मग हे कर्मचाऱ्याचं कार्ड चालणार नाही, आणि ऑफिस विचारणारच. तुमचं तुम्ही ठरवा. पण लांबवू नका." खोलीत पडदा होता, तोच, दुहेरी टिपेचा. मी त्याच्याकडं बघत राहिले. अठरा मशीन, माझा खडू, माझी खुर्ची, त्यावरचा निळा तुकडा. ऑफिसातला तो टकल्या कारकून, त्याला आता बोलायला महिनाभर पुरेल. पुरू दे. त्याच्या कोटाची बाही मीच दोनदा उसवून शिवलीय, त्यालाही माहीत आहे आत काय ठिगळ आहे.

धाकटी म्हणाली, "नाव ठेव ताई. वापरून वापरून तुझ्या मापाचं झालंय. मला आता ते कुठं होणार?" ती चेष्टेत म्हणाली, पण तिचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, "तुला नाही झालं तर टाकून दे. पण तुझं तू टाक." मी डॉक्टरबाईंकडं हात केला. त्यांनी कोरा फॉर्म आणि पेन पुढं सरकवलं. पहिलीच ओळ, रुग्णाचं संपूर्ण नाव. सून बाहेर दारातून डोकावत होती, नर्स तिला मागं ढकलत होती. मी पेन टेकवलं. मला सही करायला धाकटीनंच शिकवलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, दाखला नेल्यावर दोन दिवसांनी. पाटी घेऊन रात्रभर गिरवून घेतलं होतं, तिचं नाव. माझ्याशी न बोलता, नुसता हात धरून. तो हात आता माझ्या बोटांत बसलेला होता, माझ्या आधी निघाला, आणि मी बघते तोवर कागदावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं होतं, सुबक, सातवी पास.

मागं धाकटीचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मी पेन उचललं. त्या अक्षराकडं बघितलं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेला कागद मी माझ्या खात्यात कधी चालवून घेतलेला नाही.

"दुसरा द्या," मी डॉक्टरबाईंना म्हटलं. "हा हिचा झाला."